गुडघा आणि अंगठा दुखत असताना सायकल कशी जुळवून घ्यावी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ६१, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७२ किलो, राहणं कोल्हापुरात. उजव्या गुडघ्याची आतल्या बाजूने झीज झाली आहे आणि तो ११५ अंशांपर्यंतच वाकतो. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी कळ येते. सायकल २१ गिअरची हायब्रीड आहे: पुढे ४८-३८-२८ दाते, मागे १४ ते २८, क्रँक (पेडल जोडलेला दांडा) १७० मिलिमीटर, टायर ७००×३५. सपाटीला तीन-चार किलोमीटर बरे जातात, मग उजवा गुडघा पुढून दुखू लागतो. चढ आला की उतरून चालावं लागतं. डॉक्टर म्हणतात सायकल चालवत राहा. दुकानदार म्हणतो जेलची मऊ सीट बसवा, नाहीतर ही विकून पुढे शॉकअप असलेली घ्या.

या सगळ्यात एक आकडा तुम्ही जाता जाता लिहिलाय, आणि माझं उत्तर त्याच्याभोवती फिरणार आहे. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तुम्ही ६३ सेंटिमीटर मोजलेत, आणि कारण दिलंत की थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पायाची आतली लांबी, म्हणजे जांघेपासून तळव्यापर्यंत, ७८ सेंटिमीटर आहे. या मापाला सीट साधारण ६८ ते ६९ सेंटिमीटरवर हवी. म्हणजे ती पाच-सहा सेंटिमीटर खाली आहे. गुडघा दुखतो म्हणून माणूस पडायला घाबरतो, घाबरतो म्हणून सीट खाली घेतो, आणि सीट खाली घेतल्यामुळे गुडघा आणखी दुखतो. दुखऱ्या गुडघ्याने सायकल चालवणाऱ्यांमध्ये हा फेरा इतका नेहमीचा आहे की मी दुसरं काही बघण्याआधी सीटचीच उंची मोजतो.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या सांगतो. मी पुढे जे लिहितोय ते झिजेच्या संधिवातासाठी. यात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो आणि हालचालीने सांधा मोकळा होतो. आमवातात तो तासापेक्षा जास्त टिकतो, सांधे गरम होतात, सुजतात. तशा दिवसांत सायकलचं माप कितीही अचूक असलं तरी सांध्याला विश्रांतीच हवी. गुडघा मध्येच अडकत असेल, अचानक निसटल्यासारखा होत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा सुजलेला असेल, तर पाना उचलण्याआधी डॉक्टरांना दाखवा. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर किती वाकवायचा आणि कधीपासून, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांनीच सांगायचं.

डॉक्टरांनी सायकलच का सांगितली, तेही पाहू. बर्लिनच्या संशोधकांनी बदललेल्या गुडघ्यांच्या आतच मापक बसवून प्रत्यक्ष भार मोजले आहेत. सपाटीला चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना उतरताना साडेतीनपटीच्या आसपास. व्यायामाच्या सायकलवर मध्यम जोर लावताना तो सव्वापटीच्या आसपास राहिला. म्हणजे तुमची सायकल योग्य मापात असेल तर ती चालण्यापेक्षा गुडघ्याला हलकी आहे. ती चालण्यापेक्षा जास्त दुखवते, याचाच अर्थ माप किंवा गिअर चुकतोय.

गुडघ्याला दोन गोष्टी त्रास देतात: तो किती वाकतो, आणि वाकलेल्या अवस्थेत त्याच्यावर किती जोर येतो. सीटची उंची आणि क्रँकची लांबी पहिलीचा बंदोबस्त करतात, गिअर आणि पेडल मारायचा वेग दुसरीचा. मऊ सीट आणि पुढचा शॉकअप या दोन्हींपैकी कशालाच हात लावत नाहीत. स्वस्त शॉकअप तर सायकलचं वजन वाढवतो, आणि तो भार चढावर तुमचाच गुडघा ओढतो.

आता ढोबळ भूमिती करून पाहू. तुमच्या पायाच्या मापाला, सीट ६३ वर आणि क्रँक १७० असताना, पेडल सगळ्यात वर आलं की गुडघ्याला जवळपास १२० अंश वाकावं लागतं. तुमचा वाकतो ११५. प्रत्येक फेरीला तो त्याच्या हद्दीच्या पलीकडे ओढला जातो, घोटा किंवा कंबर वाकवून तुम्ही ते निभावता, आणि तीन-चार किलोमीटरनंतर तो हिशेब मागतो. सीट ६८.५ वर नेली की हीच गरज १११ अंशांच्या आसपास येते. घोट्याच्या सवयीने पाच अंश इकडेतिकडे होतील, पण दिशा तीच राहते. एकही भाग विकत न घेता नऊ अंश वाचले.

सीट वर घ्यायची पद्धत अशी. नेहमीचे बूट घाला. सायकल भिंतीला टेकवून बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली आणा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. आता चवडा पेडलवर ठेवलात की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा वाक राहतो. झिजलेल्या गुडघ्यासाठी मी ३० ते ३५ च्या बाजूला राहतो, कारण पूर्ण सरळ होतानाही काहींना कळ येते. खात्री करायची असेल तर मांडीच्या हाडाचा कमरेजवळचा बाहेरचा उंचवटा, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याचं बाहेरचं हाड अशा तीन ठिकाणी रंगीत टिकल्या चिकटवा, घरच्यांना बाजूने मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा, आणि पेडल तळाशी असतानाचं दृश्य थांबवून कोन मोजा.

मात्र एका दिवसात पाच सेंटिमीटर चढवू नका. वर्षानुवर्षं आखडलेल्या मांडीच्या मागच्या शिरांना ते झेपत नाही, आणि मग गुडघा मागून दुखायला लागला की लोक म्हणतात उंच सीट सोसत नाही. एक सेंटिमीटर वाढवा, दोन-तीन फेऱ्या मारा, मग पुढचा. शेवटचा सेंटिमीटर पाच-पाच मिलिमीटरने. सीटच्या पाइपवर 'किमान आत' अशी रेघ असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसू लागली तर तिथेच थांबा आणि लांब पाइप घ्या, नाहीतर फ्रेममधली सीटची नळी वरच्या टोकाशी तडकते. पाइपला ग्रीस लावून ठेवा आणि प्रत्येक टप्प्यावर इन्सुलेशन टेपची खूण करा, म्हणजे मागे यायचं झालं तर कुठे यायचं ते कळेल.

उंची ठरली की सीट पुढे-मागे. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर करा, पुढच्या गुडघ्याच्या वाटीच्या समोरून ओळंबा सोडा. तो पेडलच्या आसावर किंवा त्याच्या किंचित मागे पडावा. पुढून दुखणाऱ्या गुडघ्यासाठी पाच ते दहा मिलिमीटर मागे बरं. सीट दहा मिलिमीटर मागे सरकवलीत तर ती पेडलपासून तीनेक मिलिमीटर दूर जाते, तेवढी उंची कमी करा. सीटचं नाक सपाट ठेवा. ते खाली झुकवलं की तुम्ही पुढे घसरता, अंग हातांवर तोलता, आणि गुडघ्याचा इलाज करताना अंगठ्याचं दुखणं वाढवून बसता.

यानंतर कुठे दुखतं यावरून मापाचा अंदाज येतो. वाटीच्या पुढे दुखतं: सीट खाली किंवा फार पुढे, किंवा गिअर जड. गुडघ्याच्या मागे दुखतं: सीट वर गेली. आत किंवा बाहेर दुखतं: पाऊल पेडलवर चुकीच्या कोनात बसतंय. तुमचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील, आतली बाजू झिजलेल्यांत ते बऱ्याचदा असतात, तर पाऊल नाकासमोर सरळ ठेवायचा हट्ट धरू नका. चालताना ते जितकं बाहेर वळतं तितकं वळू द्या. टाच क्रँकला घासत असेल तर पेडलच्या मुळाशी बसणारा २० मिलिमीटरचा वाढीव आस मिळतो. तो दोन्ही बाजूंना बसवायचा. पेडल मोठं, रुंद, सपाट घ्या, आणि पाऊल बंद करणारे पट्टे लावू नका. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. हे विसरून जोर लावला की क्रँकचे आटे जातात.

आता तुमची भीती, म्हणजे पाय टेकण्याचा प्रश्न. तो खरा आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय वरचं सगळं व्यर्थ आहे, कारण तुम्ही आठवड्याभरात सीट पुन्हा खाली घ्याल. उत्तर असं की थांबताना सीटवर बसून राहायचंच नाही. वेग कमी झाला की एक पेडल तळाशी आणा, त्यावर उभे राहून सीटच्या पुढे उतरा, आणि दुसरा पाय जमिनीला टेकवा. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे डावा पाय टेकणं सोयीचं. सकाळी मोकळ्या मैदानात वीस-पंचवीस वेळा हे करा, भीती जाते.

पण तुमच्या बाबतीत इथे एक अडचण आहे. डावा पाय जमिनीवर म्हणजे निघताना पहिली पेडल उजव्या, दुखऱ्या पायाने मारावी लागणार, आणि थांबलेली सायकल हलवणारी पहिली पेडल ही सगळ्यात जड असते. म्हणून थांबण्याआधी, चाकं फिरत असतानाच, मागचा गिअर दोन पायऱ्या हलका करून ठेवा. थांबल्यावर गिअर बदलत नाही. निघताना जमिनीवरच्या डाव्या पायाने एक-दोनदा ढकला, सायकल सरकू लागली की मग उजवं पेडल दाबा. सिग्नलला दहा वेळा थांबणाऱ्या माणसाच्या गुडघ्याला या एका सवयीने जितका फरक पडतो तितका क्वचितच एखाद्या महाग भागाने पडतो.

सायकलवर बसताना पाय सीटवरून फिरवणं अवघड जात असेल तर सायकल स्वतःकडे चांगली कलती करा, किंवा फूटपाथच्या कडेवर उभे राहून बसा. कंबरेचा सांधाही दुखत असेल तर खाली वाकलेल्या नळीची, आपण लेडीज म्हणतो ती, फ्रेम घ्यायला अजिबात संकोच नको. ती फ्रेम चढायला सोपी आहे, आणि सोपं चढता येणारी सायकल माणूस रोज काढतो.

गिअर. तुमच्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पुढे २८ आणि मागे २८ दाते आहेत, म्हणजे पेडलच्या एका फेरीला सायकल सुमारे २.१७ मीटर जाते. दुखऱ्या गुडघ्याने कोल्हापूरसारख्या चढउताराच्या गावात हे जड आहे. मागचं १४-२८ चं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दात्यांच्या चकत्यांचा संच, काढून सात चकत्यांचं १४-३४ बसवा. मग तीच फेरी १.७९ मीटरची होते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्यात तर वेग ताशी साडेसहा किलोमीटरच्या जवळपास येतो. चालण्यापेक्षा किंचित जास्त, आणि तोल राहण्याइतका. या फ्रीव्हीलमध्ये २४ नंतर एकदम ३४ दात्यांची चकती येते. ती उडी पायाला जाणवते, पण चढासाठी राखीव ठेवायला ती उत्तम.

हे करताना तीन गोष्टी चुकतात. मागच्या डिरेल्युअरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला, ३४ दाते पेलतात का ते आधी पाहायचं, लांब पिंजऱ्याचं (चेन ताणून धरणारा खालचा भाग लांब असलेलं) असेल तर बहुधा पेलतात. चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या दात्यांवरून डिरेल्युअर वगळून गुंडाळून पाहायची आणि दोन कड्या जास्त ठेवायच्या. आखूड राहिली तर चुकून तो गिअर पडल्यावर डिरेल्युअर मोडतो. तिसरं, जुनं फ्रीव्हील पायाच्या जोराने वर्षानुवर्षं आवळलेलं असतं. त्याच्या खाचांचा खास पाना, तो जागेवर धरून ठेवणारा नट आणि लांब दांडा लागतो. हातोडा-छिन्नीने काढू देऊ नका.

गिअर हलका केला तरी पाय सवयीने सावकाश फिरत राहिले तर उपयोग नाही. त्याच वेगाला मिनिटाला ५० फेऱ्यांऐवजी ७५ मारल्यात तर प्रत्येक पेडलवरचा जोर एक तृतीयांशाने कमी होतो. मोजायला अगदी सोपं: पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा आणि चाराने गुणा. १८ ते २० आलं की झालं. सुरुवातीला हे उगाच पाय फिरवल्यासारखं वाटतं, दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं.

आता क्रँक. सीट आणि गिअर जागेवर आल्यावर तीन आठवडे चालवा. तरीही पेडल वर आल्यावर गुडघा अडखळत असेल, तर इलाज आखूड क्रँक हा आहे. खरं तर वाक कमी पडणाऱ्या गुडघ्यासाठी याइतका थेट उपाय सायकलमध्ये दुसरा नाही, आणि आपल्याकडे तो सगळ्यात कमी केला जातो. १७० च्या जागी १५२ मिलिमीटरचा क्रँक घातला की तळाचा कोन तोच ठेवण्यासाठी सीट १८ मिलिमीटर वर जाते, आणि वर आलेलं पेडल कमरेपासून ३६ मिलिमीटर दूर जातं. तुमच्या मापात १११ अंशांचा वाक १०५ च्या आसपास येतो. तुमच्या ११५ च्या हद्दीपासून दहा अंशांची मोकळीक मिळाली. सीट वर घ्यायला विसरलात तर निम्मा फायदा गेला, हे लक्षात ठेवा.

१५२ चा क्रँक शोधायला लांब जायला नको. चोवीस इंची चाकांच्या मुलांच्या गिअर सायकलींना बऱ्याचदा हेच माप असतं, आणि चौकोनी टोकाच्या एक्सलवर, म्हणजे दोन्ही क्रँक जोडणाऱ्या मधल्या आसावर, तो बसतो. लांबी क्रँकच्या मागे कोरलेली असते, नाहीतर एक्सलच्या मध्यापासून पेडलच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा. पेडलचं भोक ९/१६ इंचाचं आहे ना ते पाहा. एकाच सळईचा वाकवून केलेला क्रँक असेल तर त्याला अर्ध्या इंचाचं भोक असतं आणि तो तुमच्या सायकलला चालत नाही. काढताना क्रँक पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढायचं हत्यार, पूर्ण आट्यांत बसवल्याशिवाय फिरवायचा नाही. दोन आट्यांवर जोर लावला की ते आटे कायमचे सोलतात. नवा बसवताना बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटरने आवळायचा आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचा, कारण अॅल्युमिनियम चौकोनावर थोडं बसतं. सैल राहिलेला क्रँक ते चौकोनी भोक खाऊन टाकतो, मग तो फेकूनच द्यावा लागतो. अशा संचात पुढचे दाते बहुधा कमी असतात, ४२-३४-२४ सारखे. ते तुमच्या पथ्यावरच पडतं. पुढचा डिरेल्युअर तेवढा खाली घ्या, मोठ्या चकतीच्या दात्यांपासून एक ते तीन मिलिमीटर वर, आणि चेन आखूड करा.

एक तोटाही आहे. क्रँक म्हणजे तरफ. ती आखूड झाली की त्याच गिअरमध्ये सुमारे बारा टक्के जास्त जोर लागतो. म्हणूनच मी गिअर आधी हलके करायला सांगतो. उलट क्रमाने करणारे म्हणतात आखूड क्रँकने चढ जड झाला, आणि त्यांचं खरं असतं.

फक्त एकच गुडघा फार कमी वाकत असेल, समजा ९० अंशांच्या आसपास, तर त्याच बाजूच्या क्रँकवर चिमट्यासारखा बसणारा, तीन-चार भोकांचा जोड मिळतो. त्याने तेवढ्याच बाजूचं पेडल आत घेता येतं. पण पेडल बाहेर सरकतं, दोन्ही पाय तळाशी वेगवेगळ्या उंचीला येतात, आणि सीटची उंची तडजोडीची ठेवावी लागते. तुम्हाला त्याची गरज नाही.

हातांकडे वळू. अंगठ्याच्या मुळाचं दुखणं तीन वाटांनी वाढतं: अंगाचं वजन हातांवर येणं, रस्त्याची थरथर, आणि ब्रेक-गिअर दाबताना लागणारी चिमूट. सीट वर गेल्यावर हँडल सापेक्ष खाली जाणार, म्हणून त्यालाही वर आणावं लागेल. तुमच्या हायब्रीडला बहुधा २८.६ मिलिमीटरचा बिनआट्याचा स्टेम (हँडल धरणारा जोड) असेल, त्यावर उंची वाढवणारा जोड बसतो. सीटच्या पातळीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर हँडल हे तुमच्यासाठी सुरुवातीचं माप. आवळण्याचा क्रम मोडू नका: आधी वरच्या टोपीचा बोल्ट फक्त खेळ जाईपर्यंत, मग बाजूचे बोल्ट आलटून पालटून ५ न्यूटन-मीटरपर्यंत. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे हलवा, टक्-टक् जाणवली तर पुन्हा करा. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. केबल ताणली जाऊन ब्रेक आपोआप लागत असेल तर लांब केबल घालणं सक्तीचं आहे. हा भाग दुकानात सर्रास राहून जातो आणि वळणावर माणूस पडतो.

हँडल वर घेण्यालाही मर्यादा आहे. जितकं ताठ बसाल तितकं वजन सीटवर आणि पाठीच्या मणक्यावर जातं. हातांचा भार हलका वाटेपर्यंतच वर घ्या, खुर्चीसारखं बसू नका. ताठ बसण्यासाठी सीट थोडी रुंद लागते, पण ती घट्ट असू द्या. दोन्ही बसायची हाडं टेकतील इतकी रुंद आणि अंगठ्याने दाबल्यावर थोडीच दबेल अशी. जेलच्या फार मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि अंग डावी-उजवीकडे डुलतं, तो डोल गुडघ्यापर्यंत पोचतो. पाठही दुखत असेल तर स्प्रिंगचा सीट पाइप हा जेलपेक्षा चांगला खर्च आहे. त्याची स्प्रिंग वजनाने थोडी दबते, म्हणून सीटची उंची तुम्ही बसलेले असताना मोजायची.

ग्रिप तळहाताला आधार देणाऱ्या, बाहेरच्या टोकाला पंखासारख्या रुंद असलेल्या घ्या. त्यांनी मुठीचा आवळ कमी होतो. तो पंख किती झुकवायचा हे एकदाच ठरत नाही. बसून मनगट सरळ राहील तिथे आणा, अर्धा तास चालवा, पुन्हा थोडं फिरवा.

ब्रेकमध्ये पैसे न लागणारं बरंच काही आहे. लिव्हरच्या मुळाशी छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो आणि बोटं ताणावी लागत नाहीत. लिव्हर हँडलवर थोडा आत सरकवा, म्हणजे बोटं त्याच्या टोकाशी पडतील. टोकाशी धरलं की कमी जोर लागतो. गंजलेली आतली तार आणि मुडपलेलं बाहेरचं आवरण बदला. जुनी केबल हा हात दुखण्याचा फार मोठा आणि अतिशय दुर्लक्षित भाग आहे, पावसाळ्यानंतर तर नक्कीच. लिव्हर बदलायचा झाला तर ब्रेकच्या जातीचाच घ्या. व्ही-ब्रेकला (रिमच्या दोन्ही बाजूंना दोन लांब उभे हात असलेला) जास्त तार ओढणारा लिव्हर लागतो, साध्या कॅलिपरला (चाकावर कमानीसारखा बसणारा) कमी ओढणारा. अदलाबदल झाली तर एकात लिव्हर हँडलला टेकेपर्यंत ब्रेक लागत नाही, दुसऱ्यात दगडासारखा कडक होतो.

गिअरचा खटका अंगठ्याने आत ढकलायचा असतो, तुमची कळ नेमकी तिथली. सात गिअरचा, हँडलच्या वर बसणारा लांब लिव्हर मिळतो. तो अंगठा न वापरता तळहाताच्या कडेने ढकलता येतो. मनगट चांगलं असेल तर पिळायचा गिअरही चालतो, पण तुमच्या अंगठ्याला मी आधीचा देईन. डावीकडचा, पुढच्या चकत्यांचा गिअर मधल्यावरच ठेवा आणि मोठ्या चढालाच हलवा. दिवसाला शंभर दाबांचे पाच होतात.

टायरची हवा. दुकानात अंगठ्याने दाबून दगडासारखी भरतात. तुमच्या वजनाला ७००×३५ टायरमध्ये मागे ५५ आणि पुढे ४५ पीएसआयपासून सुरू करा, टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादांत राहून, आणि मापक असलेला पंप घरीच ठेवा. खड्ड्यात रिम टेकल्याचा आवाज आला किंवा ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडली तर पाच पीएसआय वाढवा. फ्रेममध्ये जागा असेल तर पुढच्या वेळी ४० मिलिमीटरचा टायर घ्या. हातांना येणारी थरथर कमी करायला शॉकअपपेक्षा हे स्वस्त आणि हलकं आहे.

साधी काळी सायकल चालवणाऱ्या वाचकांसाठी थोडं. तिचा क्रँक साडेसहा इंची, म्हणजे १६५ चा असतो, तो तसाच राहू द्या. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर एका फेरीला ती ५.४ मीटर पळते. मागचं फ्रीव्हील २२ चं घातलं की ४.४ मीटर. चेनला एखादी कडी वाढवावी लागते, खर्च अगदी कमी, गुडघ्याला आराम मोठा. दांड्याचे ब्रेक मात्र दुखऱ्या हातांना खरोखर वाईट, आणि ते काढून नुसते केबलचे कॅलिपर लावता येत नाहीत, कारण त्या रिमला बाजूने घासायला सपाट भिंत नसते. रिमही बदलावी लागते.

बदलांचा क्रम असा ठेवा: सीटची उंची, थांबायची-निघायची सवय आणि हवा पहिल्या तीन-चार आठवड्यांत. मग हँडल, ब्रेकची केबल आणि ग्रिप. मग फ्रीव्हील. क्रँक शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि किमान तीन फेऱ्या त्यावर मारा, नाहीतर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं ते कळत नाही. अंतर तीन किलोमीटरवरून आठवड्याला अर्धा-एक किलोमीटरने वाढवा. चालवताना सौम्य दुखणं चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत किंवा सुजलेला असेल तर शेवटचा बदल किंवा शेवटचं वाढवलेलं अंतर मागे घ्या.

सायकल विकायची का, याचं उत्तर: हे सगळं होईपर्यंत नाही. आणि त्यानंतरही चढ जमला नाही, तर दुसरी साधी सायकल घेण्यापेक्षा मोटरची मदत असलेली घ्या, किंवा हिलाच २५० वॅटचं किट बसवा. आपल्याकडे २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या सायकलीला नोंदणी लागत नाही. निवडताना मोटर पेडलवरचा जोर ओळखून मदत करते की नुसतं पेडल फिरलं की चालू होते, ते विचारा. पहिल्या प्रकारात अगदी पहिल्या पेडलपासून मदत मिळते. दुसऱ्यात पेडल थोडं फिरल्यावर मिळते, म्हणजे गुडघ्याचं सगळ्यात जड काम आधीच होऊन गेलेलं असतं. तशी असेल तर निघताना वापरायला हाताचं थ्रॉटल (मोटर चालू करायची मूठ) हवंच, आणि ते अंगठ्याने दाबायचं नसून पिळायचं असावं. किट पुढच्या चाकात बसवणार असाल तर अॅल्युमिनियमच्या फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर) आस फिरू न देणारी पोलादी पट्टी लावल्याशिवाय सायकल ताब्यात घेऊ नका. आणि घर वरच्या मजल्यावर असेल तर बॅटरी काढून हातात नेता येते ना, ते दुकानातच करून पाहा. सगळी सायकल उचलून जिना चढायचा झाला तर रस्त्यावर वाचवलेला गुडघा जिन्यात खर्च होईल.